सीमाभागातील रेडिओ संच

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम मीर उस्मान अली खान यांनी युद्धबंदीची घोषणा हैदराबादच्या नभोवाणीवरून केली. बीदर व गुलबर्गा हे जिल्हे तेव्हा त्यांच्याच संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेले. भालकी, औराद, आळंद या तालुक्यांतील मराठी घरांचे कान मात्र मुंबई-पुण्याकडे लागलेले राहिले.

मुंबई केंद्र १९२७ चे, पुण्याचे १९५३ चे. मध्यम लहरी दिवसा दूरवर क्षीण होतात. रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल पोहोचतात. म्हणून दूरचे केंद्र गर्दीतून नेमके निवडणारा संच आणि उंच एरियल यांना मोल असे. वीज नसेल तेथे बॅटरीचा खर्चही पाहावा लागे.

ध्वनिक्षेपकाचीही निवड तशीच. कागदी शंकूच्या पुढील व मागील लहरी एकत्र आल्या की खर्ज विरतो. लाकडी पेटी त्यांना दूर ठेवते. पत्र्याचा कर्णा शब्द लांब नेतो, पण खर्ज गमावतो. चावडीला कर्णा शोभतो, घराला पेटी.

गुलबर्ग्यास १९६६ मध्ये आकाशवाणी केंद्र आले. जवळचा कन्नड स्वर सहज लाभला. दूरच्या मराठी स्वरासाठी चांगलाच संच लागे. आजच्या होम थिएटरलाही हीच कसोटी लागू आहे: आवाज किती मोठा यापेक्षा शब्द किती नितळ.