तुर्भ्याचें कुलूप

घाटकोपराहून चेंबूर, मानखुर्द ओलांडून खाडीकडे गेलें म्हणजे तुर्भें लागतें. इंग्रजांनीं त्याचें ट्रॉम्बे केलें. १९५६ च्या ऑगस्टांत ‘अप्सरा’ ही अणुभट्टी येथेंच प्रथम चालू झाली, आणि तेव्हांपासून या गांवाच्या नांवाला एक प्रकारचा दरारा चिकटला. कुंपणें, पहारे, ओळखपत्रें यांची तेथें वाण नाहीं. तथापि १९९८ च्या जूनमध्यें भाभा अणुसंशोधन केंद्रांत जे चोर शिरले ते कोणत्याहि फाटकांतून आले नाहींत. आणि त्यांच्यापैकीं एकानेंहि वयाचीं वीस वर्षें पुरीं केलीं नव्हतीं.

त्याच वर्षीं ११ व १३ मे या दिवशीं भारतानें पोखरण येथें अणुस्फोट केले. त्यांचा निषेध म्हणून ‘मिलवर्म’ नांवाच्या टोळीनें केंद्राच्या संगणकांवर हल्ला चढविला. टोळी म्हणजे काय, तर इंग्लंड, अमेरिका, हॉलंड, न्यूझीलंड अशा देशांतील मूठभर पोरें! त्यांनीं केंद्राचा पत्रव्यवहार उतरवून घेतला आणि त्याच्या संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचें चित्र लावून दिलें. निषेधाचा हेतु कितीहि उदात्त मानला, तरी दुसऱ्याचीं पत्रें वाचण्यास तो कसा पुरतो, हें आम्हांस कळत नाहीं.

भोंक होतें तें ‘सेंडमेल’ या टपाल वाहणाऱ्या आज्ञावलींत. कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठांत एरिक ऑलमन यांनीं ती रचिली. तिची मूळ संहिता कोणीहि वाचावी, कोणीहि सुधारावी, अशी मोकळी होती. १९८८ च्या २ नोव्हेंबरला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेला ‘किडा’ हजारों यंत्रांत पसरला, त्याच्या वाटांपैकीं एक वाट सेंडमेलमधूनच गेली होती. त्या प्रकरणानंतर अमेरिकेंत कार्नेगी मेलन विद्यापीठांत अशा आपत्तींची वार्ता देणारें केंद्र निघालें. भोंक सांपडावें, तें बुजविणारी नवी आवृत्ति प्रसिद्ध व्हावी आणि ज्याला हवी त्यानें ती उचलावी, असा रिवाज पुढें रुळला.

यावर शहाणे लोक म्हणतात कीं, जी संहिता साव वाचतो ती चोरहि वाचतो. आक्षेप खोटा नव्हे, पण फार जुना आहे. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळीं हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कारागिरानें ब्रामाचें अजिंक्य म्हणून मिरविलेलें कुलूप उघडून दाखविलें, तेव्हांहि असलीं रहस्यें चव्हाट्यावर आणूं नयेत, अशी ओरड झालीच होती. चोरांना तीं आधींच ठाऊक असतात. नसतात तीं घरमालकाला.

तुर्भ्यास घडलें तें नेमकें असेंच. सेंडमेलची सुधारलेली आवृत्ति मिळण्याजोगी होती, तिला दामहि पडत नव्हता. परंतु ती उतरवून बसविण्याची तसदी घेतली गेली नव्हती, हें केंद्राच्या अधिकाऱ्यांच्याच बोलण्यांतून पुढें बाहेर आलें. अणूचें हृदय फोडणाऱ्यांना एक आज्ञावली बदलणें जड गेलें असेल काय? तसें नव्हे. ज्या कामाला पद नाहीं, पदवी नाहीं आणि झाल्यावर कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, तें काम आपल्याकडे कोणाचेंच नसतें. आणखी एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगितली पाहिजे. सामान्य भारतीयांस इंटरनेट मिळालें तेंच १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. त्यावेळीं या गुन्ह्यांकरितां स्वतंत्र कायदाहि नव्हता. तो २००० सालीं झाला. आणि अशा भोंकांची सूचना देशभर देणारी ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था सुरू व्हावयास २००४ चा जानेवारी उजाडला.