वाईचा कृष्णाकाठ

वाईचा कृष्णाकाठ : सातारा जिल्ह्यातील वाई शहरात कृष्णेच्या तीरावर वसलेला घाट, मंदिरे, वाडे व आळ्यांचा ऐतिहासिक पट्टा. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा धोमचे खोरे उतरून येथे येते आणि उगमानंतर प्रथमच एका शहराची नदी होते. मंदिरांच्या दाटीमुळे वाईला ‘दक्षिण काशी’ म्हणतात. महाभारतातील विराटनगरी ती हीच, अशी आख्यायिका आहे. जवळच्या लोहारे येथील बौद्ध लेणी या परिसरातील प्राचीन वस्तीची साक्ष देतात. मात्र आज दिसणारा काठ प्रामुख्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला असून तो मुख्यतः रास्ते घराण्याने उभारला.

रास्त्यांचे मूळ आडनाव गोखले. भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई ही नानासाहेब पेशव्यांची पत्नी. या सोयरिकीने घराण्याचा उत्कर्ष झाला आणि त्या वैभवाचा मोठा वाटा वाईच्या दगडात उतरला. आनंदराव रास्ते यांनी १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचे, १७७४ मध्ये विष्णूचे आणि १७७८ मध्ये महालक्ष्मीचे मंदिर बांधले. गणपतराव रास्ते यांनी बांधलेले महागणपतीचे मंदिर १७६२ चे, म्हणजे पानिपतानंतरच्या वर्षाचे आहे. गोपिकाबाईंचा थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला होता आणि त्याच वर्षी नानासाहेबही गेले होते. अशा काळात त्यांच्या माहेरच्यांनी नदीकाठी एवढे बांधकाम तडीस नेले, हे ध्यानात ठेवून या मंदिराकडे पाहावे.

महागणपतीला वाईकर ‘ढोल्या गणपती’ म्हणतात. एकाच दगडात घडवलेली ही मूर्ती सुमारे दहा फूट उंच व आठ फूट रुंद आहे. दर्शनाला आलेले बहुतेक लोक मूर्तीपुढे हात जोडून परततात आणि या मंदिरातली सर्वांत विचारी गोष्ट पाहायची राहून जाते. ती गोष्ट मंदिराच्या मागे आहे. गाभाऱ्याची मागची भिंत सपाट नाही. माशाच्या किंवा नावेच्या नाळेच्या आकाराने ती निमुळती होत गेली आहे. पुराचा लोंढा या धारेवर आदळून दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो, त्यामुळे भिंतीवर पाण्याचा सगळा भार एकदम पडत नाही. पूर येणारच, हे गवंड्यांनी गृहीत धरले होते. पाणी अडवण्याऐवजी त्याला वाट करून देण्याची ही युक्ती अडीचशेहून अधिक वर्षे टिकली आहे. आजही पावसाळ्यात धोम धरणातून विसर्ग वाढला की घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात आणि मोठ्या पुरात पाणी थेट मंदिरात शिरते.

शेजारचे काशीविश्वेश्वराचे मंदिर तटबंदीच्या आत असून आवारात दीपमाळा आहेत. तेथील काळ्या पाषाणाचा नंदी आवर्जून पाहावा. त्याच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा व अंगावरची झूल बारकाईने कोरली असून दगडाला आरशासारखी झिलई आहे.

तरीही हा काठ म्हणजे केवळ मंदिरांची रांग नव्हे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी असे त्याचे सात भाग असून प्रत्येक आळीला आपला घाट आहे. ही रचना जिवंत दिसते ती कृष्णाबाईच्या उत्सवात. थंडी सरता सरता नदीचे पाणी उतरते आणि उन्हाळा लागेपर्यंत एकेका घाटावर आळीपाळीने मांडव पडतो. कृष्णाबाईची उत्सवमूर्ती वाजतगाजत घाटावर येते. कीर्तने, हळदीकुंकू, महाप्रसाद होतो. येथे नदी ही देवी आहे, आणि वाईकरांच्या बोलण्यात ती ‘कृष्णामाई’ आहे. उत्सवाची सुरुवात परंपरा अफझलखानाच्या स्वारीशी जोडते. वाई हे खानाचे ठाणे होते आणि १६५९ मध्ये तो येथूनच प्रतापगडाकडे निघाला. शिवाजी महाराजांवरचे संकट टळावे म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला आणि तो उत्सवाच्या रूपाने फेडला जातो, असे सांगतात. याशिवाय दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की गंगा कृष्णेच्या भेटीला येते, अशी श्रद्धा असून त्या वेळी कन्यागत पर्वाचे स्नान होते. अलीकडचे कन्यागत २०१६ मध्ये झाले.

घाटांमागच्या गल्ल्यांत विद्येची परंपरा आहे. केवलानंद सरस्वती (पूर्वाश्रमीचे नारायणशास्त्री मराठे) यांच्या प्राज्ञपाठशाळेत विनोबा भावे यांनी १९१७ च्या सुमारास अध्ययन केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेचे विद्यार्थी. धर्मकोशाचे काम येथेच चालले. पुढे तर्कतीर्थांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाची उभारणी वाईतूनच झाली. अखिल महाराष्ट्राचा ज्ञानकोश मुंबई-पुण्यात न घडता कृष्णाकाठच्या या लहान शहरात घडला, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटावा. घाट पाहायला येणाऱ्यांनी या इतिहासासाठीही थोडा वेळ राखून ठेवावा.

पुणे-सातारा महामार्गावर सुरूर फाट्याला वळले की वाई जवळच आहे. पुढे पसरणी घाट चढून रस्ता पाचगणी-महाबळेश्वरला जातो. तिकडे जाणाऱ्या गाड्या गणपतीपुढे अर्धा तास थांबतात आणि निघतात. एवढ्या वेळात हा काठ कळत नाही. पावसाळ्यानंतर, सकाळी ऊन चढण्यापूर्वी यावे. आधी पलीकडच्या तीरावरून मंदिरांची शिखरे आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या एकत्र पाहाव्यात. मग एकेका आळीच्या घाटावर जावे. पायऱ्यांवर अजूनही धुणे चालते, मुले डुंबतात. मात्र गावाचे सांडपाणी आणि निर्माल्याच्या पिशव्याही याच पाण्यात येतात. ज्या नदीची पालखी निघते तिच्या पात्रात हे पाहावे लागते, याचे दुःख होते. निदान पाहुण्यांनी त्यात भर घालू नये.

वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर कृष्णेच्याच काठी मेणवली आहे. तेथे नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आणि मेणेश्वराचे मंदिर आहे. मंदिराजवळ टांगलेली मोठी घंटा मूळची पोर्तुगीज चर्चमधली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेनंतर ती मराठ्यांकडे आली. अनेक हिंदी चित्रपटांमुळे हा घाट ओळखीचा झाला असून ‘स्वदेस’ या चित्रपटातील गाव येथेच उभे केले होते. वाईच्या घाटांवर सणावाराची वर्दळ असते, तर मेणवलीत बहुतेक वेळ शांतता असते. वाडा पाहून मागच्या दाराने उतरले की चार पावलांवर पाणी लागते.