कुऱ्हाड कोणाची, जबाबदारी कोणाची?

जगबुडीकाठच्या या खेडात झाडांविषयी बोलावयाचे म्हणजे आंबा-फणसांच्या धन्यांनाच आंबा-फणस शिकविणे होय. ते धाडस आम्ही करीत नाही. आमचे शिक्षण मजुरांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून आज आम्ही झाडावर चढणाऱ्या गड्याविषयी बोलणार आहोत. झाड राखण्याच्या आपल्या इतिहासात त्याला जागा कोठे आहे, हा आमचा प्रश्न.

सुमारे १७१५ साली रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. गलबतांना लाकूड हवेच. पण सागवानासारखे लाकूड राज्याच्या रानातून परवानगीनेच तोडावे आणि रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, अशी सक्त ताकीद तेथे आहे. एखादे जीर्ण झाड घ्यावयाचे झाल्यास धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. जबरदस्तीने झाड नेले तर रयतेची हाय राज्याला भोवते, हे त्या मुत्सद्द्याने ओळखले होते.

पुढे कंपनी सरकार आले. १८२० च्या दशकात कलेक्टर डनलॉप यांच्या जाहीरनाम्याने आपल्या जिल्ह्यातील झाडांवरचा हक्क लोकांकडे गेला. मालक झाड जपेल, ही आशा. पण मुंबई वाढत होती, तिच्या चुलींना सरपण हवे होते आणि समुद्र जवळच होता. झाडे गलबतांत भरून गेली. नुसत्या मालकीने झाड वाचत नाही, हा त्या काळाचा धडा.

स्वराज्यानंतर कायदे झाले. १९६४ च्या कायद्याने आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर अशी झाडे तोडण्यास परवानगी लागू लागली. १९७५ साली शहरांसाठी वेगळा कायदा आला. त्यात वृक्ष प्राधिकरण आले, झाडांची गणना आली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हटले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले.

हे सारे चांगलेच आहे. परंतु हे हुकूम धन्याशी आणि अधिकाऱ्याशी बोलतात. प्रत्यक्ष कोयता ज्याच्या हातात, त्याच्याशी कोणी बोलत नाही.

पावसाळ्यापूर्वी फांद्या उतरविणाऱ्या काही मजुरांशी आमचा संबंध आला. ठेकेदार त्यांना उतरलेल्या लाकडाच्या वजनावर मजुरी देई. एक गडी आम्हांला म्हणाला, “दादा, वाळकी फांदी हलकी, हिरवी जड. पोट हिरवीवर भरते.” एवढ्या एका वाक्यात सगळे अर्थशास्त्र आले. ज्याची भाकरी वजनावर, त्याला प्रत्येक झाड धोक्याचेच दिसणार. दोष त्या गड्याचा नव्हे, मजुरीच्या रीतीचा आहे.

त्यात ज्ञानाचाही प्रश्न आहे. अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो ओंडके उभे चिरून पाहिले. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड ती आतल्या आत कोंडून टाकते, असे त्यांनी १९७० च्या दशकात मांडले. फांदी खोडालगत साफ कापली की कोंडण्याची ती जागाच जाते आणि कूज आत शिरते. म्हणून फांदीच्या बुडाशी असलेला फुगवटा राखून कापावे. आमच्या कोकणातील शेतकरी भाजावळीसाठी ऐन-किंजळाची कवळ पिढ्यान् पिढ्या तोडीत आला. कोठे कापले म्हणजे झाड पुन्हा फुटते, हे त्यालाही ठाऊक होते. ठेक्याच्या घाईत हे शहाणपण हरवते.

तेव्हा आमचे मागणे सरळ आहे. मजुरी दिवसाची असावी, वजनाची नसावी. गड्याला दोर, शिरस्त्राण आणि चार दिवसांचे शिक्षण मिळावे. आणि निरोगी झाडावर घाव घालण्यास “नाही” म्हटले, तर त्याचा रोज बुडू नये.

यंदा आपल्या दारच्या झाडाला दोर लागेल, तेव्हा परवानगीचा कागद जरूर पाहा. पण त्याआधी वर चढणाऱ्या गड्याला विचारा, “बाबा, तुला पैसे कशाचे मिळतात?” त्या उत्तरावरून झाडाचे पुढे काय होणार, ते आपल्याला कळेल.