‘तात्पुरता’ मुक्काम: एका शब्दाची तेवीस वर्षं

आजचा विषय सुरुवातीला शब्दकोशातला वाटेल, पण आपण पोचणार आहोत ते रणगाड्यांपाशी. थोड्या काळापुरत्या गोष्टींना इंग्रजीत कोणते शब्द आहेत, चेक भाषेत त्यांना काय म्हणतात, आणि त्यांतला एक शब्द एका देशाच्या मानगुटीवर जवळजवळ तेवीस वर्षं कसा बसून राहिला, हे आपल्याला पाहायचं आहे.

आधी शब्द बघू. इंग्रजीतला ‘टेम्पररी’ हा लॅटिन ‘टेम्पुस’वरून आला, टेम्पुस म्हणजे काळ. चेक भाषेत त्यासाठी ‘दोचस्नी’ असा शब्द आहे. त्यातला ‘चस’ म्हणजेही काळच. हा च आपल्या चहातला. म्हणजे दोन्ही भाषांत शब्दाच्या पोटात काळ आहे, पण किती काळ, हे शब्द सांगत नाही. दुसरा शब्द ‘प्रोव्हिजनल’. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ पुढचं पाहणं, तरतूद करणं. चेकमध्ये तिथे ‘प्रोझतीम्नी’ येतो. ‘प्रोझतीम’ म्हणजे तूर्तास. तिसरा ‘ट्रान्झिशनल’, चेकमध्ये ‘प्रशेखोद्नी’, म्हणजे एकीकडून दुसरीकडे ओलांडून जातानाचा, मधला.

मराठीतही आपण हा फरक पाळतो. आपण ‘हंगामी सरकार’ म्हणतो, ‘तात्पुरतं सरकार’ सहसा म्हणत नाही. हंगामी म्हटलं की पाठोपाठ नेहमीचं सरकार येणार, हे गृहीत असतं. ‘तात्पुरता’ मात्र नुसतंच ‘तेवढ्यापुरता’ म्हणून गप्प बसतो.

आता चेक इतिहासात ‘प्रोझतीम्नी’ कुठे कुठे भेटतो ते पाहू. प्रागमध्ये व्ल्तावा नदीच्या काठी १८ नोव्हेंबर १८६२ रोजी एक छोटं नाट्यगृह उघडलं. त्याचं अधिकृत नावच होतं ‘प्रोझतीम्नी दिवाद्लो’, म्हणजे हंगामी नाट्यगृह. चेक लोकांना स्वतःच्या भाषेसाठी भव्य राष्ट्रीय नाट्यगृह हवं होतं, पण पैसे जमेपर्यंत थांबायचं कशाला? म्हणून हे छोटं. या हंगामी वास्तूत काय काय घडलं बघा. बेद्रिच स्मेताना १८६६ ते १८७४ इथे मुख्य संगीत-संचालक होता. त्याच्या ‘विकलेली नवरी’ या ऑपेराचा पहिला प्रयोग ३० मे १८६६ रोजी इथेच झाला. वाद्यवृंदात व्हायोला वाजवणारा एक तरुण होता, त्याचं नाव अंतोनीन द्वोर्झाक. १८६८ मध्ये राष्ट्रीय नाट्यगृहाची पायाभरणी झाली. १८८१ मध्ये ते उघडलं आणि त्याच वर्षी ऑगस्टात आगीत सापडलं. लोकांनी पुन्हा वर्गणी काढली. अखेर १८ नोव्हेंबर १८८३ रोजी, म्हणजे हंगामी नाट्यगृह उघडलं त्याच तारखेला, बरोबर एकवीस वर्षांनी, राष्ट्रीय नाट्यगृह कायमचं सुरू झालं. नूतनीकरणात जुनी हंगामी इमारत नव्या वास्तूतच सामावून घेतली गेली.

हाच शब्द पुढे राजकारणात आला. १३ नोव्हेंबर १९१८ रोजी नव्या चेकोस्लोव्हाकियाने हंगामी राज्यघटना केली आणि २९ फेब्रुवारी १९२० रोजी तिची जागा पूर्ण राज्यघटनेने घेतली. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये एद्वार्द बेनेश यांच्या सरकारला ब्रिटनने २१ जुलै १९४० रोजी मान्यता दिली, पण ‘हंगामी’ म्हणून. हे विशेषण बेनेश यांना सलत होतं. पूर्ण मान्यता मिळाली ती पुढच्या वर्षी, १८ जुलै १९४१ ला. तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. पुढे काय येणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते यावं म्हणून माणसं खटपट करत होती.

आता १९६८ कडे येऊ. अलेक्झांडर दुब्चेक यांच्या नेतृत्वाखाली चेकोस्लोव्हाकियात सुधारणा सुरू झाल्या होत्या. त्यालाच ‘प्राग वसंत’ म्हणतात. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांच्या फौजा देशात घुसल्या. नेत्यांना मॉस्कोला नेण्यात आलं. तिथे त्यांच्याकडून एका मसुद्यावर सह्या घेतल्या. फ्रान्तिशेक क्रीगेल या एकट्याने सही करायला नकार दिला.

मग १६ ऑक्टोबर १९६८ रोजी प्रागमध्ये दोन पंतप्रधानांनी, अलेक्सेई कोसिगिन आणि ओल्द्रशिख चेर्निक यांनी, एका करारावर सह्या केल्या. विषय काय? सोव्हिएत फौजांच्या चेकोस्लोव्हाकियातल्या ‘तात्पुरत्या’ मुक्कामाच्या अटी. इथे ‘प्रोझतीम्नी’ नाही, ‘दोचस्नी’ आहे.

हा करार नीट वाचण्यासारखा आहे. त्यात म्हटलंय की या मुक्कामामुळे देशाच्या सार्वभौमत्वाला धक्का लागत नाही. बाकीच्या फौजा करार लागू झाल्यावर दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने जातील, असंही त्यात आहे. म्हणजे मुदत घालणं लिहिणाऱ्यांना जमत नव्हतं असं नाही. जे जाणार होते त्यांना मुदत होती, आणि जे ‘तात्पुरते’ राहणार होते त्यांना नव्हती. करार किती दिवस चालेल? उत्तर असं: फौजांचा तात्पुरता मुक्काम असेपर्यंत. आणि मुक्काम किती दिवस? यावर करारात एकही तारीख नाही. मुक्काम कराराच्या आधारे, आणि करार मुक्काम असेपर्यंत. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं आणि दुसऱ्याने पहिल्याकडे.

१८ ऑक्टोबरला करार संसदेपुढे आला. देशात परक्या फौजा उभ्या असताना मतदान झालं. बाजूने २२८, तटस्थ १०, विरोधात ४. ही चार नावं लक्षात ठेवू: फ्रान्तिशेक क्रीगेल, फ्रान्तिशेक वोद्स्लोन, गेर्त्रुदा सेकानिनोवा-चाक्रतोवा आणि बोझेना फुकोवा. क्रीगेल यांना पुढच्याच वर्षी पक्षातून काढून टाकलं.

नंतर ‘तात्पुरत्या’ने घर बांधलं, अगदी शब्दशः. प्रागच्या ईशान्येला मिलोवित्से इथे सोव्हिएत फौजेचं मुख्यालय होतं. तिथे अधिकाऱ्यांची कुटुंबं आली, इमारती उठल्या, शाळा आणि दुकानं झाली. लोकांच्या हातात एकच हत्यार उरलं, विनोद. तात्पुरतेपणा मोजायचं एकक कोणतं, असं विचारायचं, आणि उत्तर द्यायचं, ‘एक फुर्त’. बोलीभाषेतल्या चेकमध्ये ‘फुर्त’ म्हणजे कायम, सतत.

नोव्हेंबर १९८९ मध्ये राजवट बदलली. २६ फेब्रुवारी १९९० रोजी मॉस्कोत नवा करार झाला. सह्या केल्या परराष्ट्रमंत्री यिर्झी दीन्स्तबीर आणि एदुआर्द शेवर्दनाद्झे यांनी. या करारात पहिल्याने जे टाळलं होतं ते होतं, म्हणजे टप्पे आणि शेवटची मुदत. ७३ हजारांहून अधिक सैनिक जून १९९१ अखेरपर्यंत जायचे होते. त्यांचे सेनापती एदुआर्द वोरोब्योव्ह २७ जून १९९१ रोजी देशाबाहेर पडले. पण क्रीगेल तोवर राहिले नव्हते. डिसेंबर १९७९ मध्ये, ‘तात्पुरत्या’ मुक्कामाच्या बाराव्या वर्षी, त्यांचं निधन झालं होतं.

आता दोन आकडे शेजारी ठेवून बघा. हंगामी नाट्यगृह एकवीस वर्षं चाललं, तात्पुरता मुक्काम जवळजवळ तेवीस. कालावधीत फारसा फरक नाही. म्हणून एखादी व्यवस्था किती वर्षं टिकली, यावरून ती खरोखर तात्पुरती होती की नाही हे ठरत नाही. नाट्यगृहाच्या बाबतीत संपायची अट उघड होती, आणि ती पूर्ण करणं चेक लोकांच्याच हातात होतं. त्यांनी वर्गणी काढून ती पूर्ण केली. कराराच्या बाबतीत अट लिहिलेलीच नव्हती, आणि ज्यांच्या जमिनीवर मुक्काम होता त्यांना तो संपवायचा अधिकार नव्हता.

इतिहासाची कागदपत्रं वाचताना ‘तात्पुरता’ हा शब्द दिसला की आपण दोन गोष्टी शोधायच्या: तारीख कुठे लिहिली आहे, आणि ‘आता पुरे’ असं म्हणायचा हक्क कोणाला दिला आहे. १९६८ च्या त्या करारात दोन्ही जागा कोऱ्या होत्या. विरोधात मत देणाऱ्या चौघांनी तो तेव्हाच नाकारला. बाकीच्या देशाला त्यासाठी तेवीस वर्षं मोजावी लागली.

आता प्रश्न घेऊ.