पाय, पट्टे आणि पेडल

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येईतो उजव्या पायाची तिसरी-चौथी बोटं पार बधिर व्हायला लागली. आधी मुंग्या, मग चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखी आग. रस्त्याकडेला बूट काढून बसलो की दहा मिनिटांत सगळं ठीक! शेवटी डॉक्टर गाठले. त्यांनी चवडा दोन्ही बाजूंनी दाबला, मी कळवळलो आणि निदान झालं: मॉर्टन्स न्यूरोमा. "सायकल सोडावी लागेल का?" मी घाबरत विचारलं. "आधी हे बूट सोडून बघा," ते म्हणाले.

आता बग सापडला की तो कोडमध्ये आला कधी, हे शोधल्याशिवाय आम्हा लोकांना चैन पडत नाही. म्हणून दोन वीकेंड सायकलच्या बुटांचा इतिहास उकरण्यात घालवले.

हे मॉर्टन म्हणजे फिलाडेल्फियाचे सर्जन थॉमस मॉर्टन. त्यांनी 1876 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं. बोटांच्या मुळाशी हाडांमधून जाणारी नस दाबली जाऊन जाड होते. अरुंद, निमुळता बूट घातला की ती आणखी चेपते. आणि सायकलवाल्याचा सगळा जोर नेमका त्याच चवड्यावर!

सायकलच्या बुटांचा इतिहास म्हणजे पाय पेडलला बांधण्याचा इतिहास. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पेडलवर बोटं अडकवायची लोखंडी क्लिप आली, तिच्यातून चामडी पट्टा. शर्यतवाले हा पट्टा करकचून आवळत. बूट चामड्याचे, तळाला खाच असलेली क्लीट खिळ्यांनी ठोकलेली. ती ठोकायची पद्धत मात्र मला फार आवडली. नवा बूट घालून आधी थोडे दिवस सायकल चालवायची, तळाच्या चामड्यावर पेडलचा वळ उमटू द्यायचा आणि त्या खुणेवर क्लीट ठोकायची. म्हणजे क्लीट कुठे बसवायची हे पायच सांगायचा. पण पट्टा चवड्यावर काचायचा तो काचायचाच. शिवाय थांबायचं तर खाली वाकून हाताने तो सैल करा.

पट्ट्यावाचून पाय अडकवायचे प्रयत्न जुनेच. अमेरिकेत चार्ल्स हॅन्सनने 1895 मध्येच तसं पेटंट घेतलं होतं. इटलीच्या चिनेल्लीने 1971 मध्ये एम-71 पेडल काढलं, पण त्यातून पाय सोडवायला हाताने खटका सरकवावा लागे. खरी क्रांती झाली 1984 मध्ये. स्कीचे बूट पकडणारी बाइंडिंग बनवणाऱ्या फ्रान्समधल्या लुक कंपनीने तीच युक्ती पेडलला लावली: टाच बाहेर वळवली की पाय मोकळा. 1985 मध्ये बर्नार्ड इनो हे पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकला आणि बघता बघता पट्टे अडगळीत गेले.

पट्टा गेला, काच गेला, सगळं आलबेल? छे! सुरुवातीच्या लुक क्लीटमध्ये पाऊल जराही हलत नसे. ज्याची चाल थोडी फेंगडी, त्याचा गुडघा दुखायला लागला. मग 1987 च्या सुमारास टाइम कंपनीचं पेडल आलं. त्यात पाऊल काही अंश डावी-उजवीकडे फिरू शकायचं. गंमत म्हणजे लुकच्या पेडलमागे जो जाँ बेल, तोच टाइमच्याही मागे. चूक उमगल्यावर पुढच्या डिझाइनमध्ये दुरुस्त करणारा इंजिनियर, आपला माणूस! 1990 मध्ये शिमानोची एसपीडी आली. तिची छोटी क्लीट तळाच्या खोबणीत लपते, त्यामुळे बुटांनी चालताही येतं.

हे सगळं वाचताना माझा बग सापडला. इतकी वर्षं डोकं लढवलं गेलं ते पेडलवर, आणि बुटांचा साचा राहिला शर्यतवाल्या सडपातळ पायाचा. दुकानात मीही फक्त लांबीचा नंबर सांगून मोकळा झालो होतो. वास्तविक अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉकने 1920 च्या दशकातच पाय मोजायचं यंत्र केलं होतं. ते लांबी मोजतं, रुंदी मोजतं आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतरही. सायकलवाल्याला नेमकं हेच तिसरं माप हवं, कारण क्लीट तिथेच बसते.

मग संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची रेघ मारून घेतली. उजवं पाऊल डाव्यापेक्षा चांगलंच रुंद निघालं! बुटाचं आतलं सोल काढून त्या रेघेवर ठेवलं, तर पाऊल दोन्हीकडून बाहेर. इतकी साधी गोष्ट, पण तीन वर्षं मी पाय बुटात कोंबत होतो.

नवे बूट रुंद साच्याचे घेतले. तळ कडक, म्हणजे दाब एका जागी न पडता पसरतो. पुढचा पट्टा वेगळा सैल करता येतो. क्लीट टाचेकडे पाच-सहा मिलिमीटर सरकवली. दिसायला बूट अगदी गबाळे आहेत, ग्रुपमध्ये टिंगलही झाली. पण गेल्या रविवारी सिंहगड पायथा करून आलो आणि दहाही बोटं जागेवर असल्याचं घरी येईपर्यंत जाणवत होतं.

न्यूरोमा काही गेलेला नाही. डॉक्टर म्हणतात, तो राहील, फक्त त्याला डिवचू नका. तुमचंही काही दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि मग दुकानात जाताना तो कागद खिशात ठेवा. असो. पुढच्या रविवारी भेटूच, बहुधा घाटात!