सर्ववर्णवाक्ये, वर्णनियम आणि मराठी शब्दकोडे : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

एखाद्या भाषेच्या वर्णमालेतील सर्व वर्ण किमान एकदा ज्या वाक्यात येतात, त्या वाक्यास इंग्रजीत 'पॅनग्रॅम' असे म्हणतात. प्रस्तुत निबंधात त्यासाठी 'सर्ववर्णवाक्य' ही संज्ञा वापरली आहे. चपळ तपकिरी कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारतो, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य टंकलेखन शिकलेल्या प्रत्येकास परिचित आहे. त्यातील ३५ अक्षरांत इंग्रजीची २६ ही अक्षरे येतात. टंकयंत्राची प्रत्येक कळ तपासण्याचे साधन म्हणून प्रसिद्ध झालेला हा प्रकार पुढे शब्दखेळांतही रूढ झाला. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आर्थर विन यांचे पहिले आधुनिक शब्दकोडे प्रसिद्ध झाले. कालांतराने ज्या कोड्याच्या चौकटीत सर्व २६ अक्षरे येतात, त्यालाही हेच नाव मिळाले. हा प्रकार मराठी शब्दकोड्यांत का रुजला नाही आणि आपल्या परंपरेत त्याचे समांतर रूप कोणते, या दोन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

भारतीय परंपरेतील वर्णनियम :

वर्णांशी खेळण्याची कल्पना आपणांस पाश्चात्त्यांकडून मिळालेली नाही. अकराव्या शतकातील भोजराजाच्या 'सरस्वतीकंठाभरण' या ग्रंथात, संस्कृतमधील ३३ व्यंजने वर्णमालेच्या क्रमानेच येतात असा श्लोक आढळतो. इंग्रजी वाक्यात केवळ सर्व अक्षरांची उपस्थिती पुरेशी असते. येथे क्रमाचेही बंधन आहे. याच्या उलट प्रकार म्हणजे काही वर्ण वर्ज्य करून रचना करणे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्त आपली कथा ओष्ठ्य वर्णांचा उपयोग न करता सांगतो, कारण त्याच्या ओठांना प्रियेने केलेल्या दंशाची वेदना असते.

मराठीत या परंपरेचे शिखर म्हणजे मोरोपंत (१७२९-१७९४) होत. त्यांनी रचलेली १०८ रामायणे सर्वश्रुत आहेत. त्यांपैकी अनेकांची नावेच त्यांतील वर्णबंधन सूचित करतात. 'निरोष्ठ रामायणा'त पवर्गातील ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत. या बंधनाची तीव्रता लक्षात घेण्यासारखी आहे. 'राम' या नावातच 'म' हा ओष्ठ्य वर्ण आहे. म्हणजे कवीने रामकथा सांगावयाची, परंतु रामाचे नाव उच्चारावयाचे नाही! अशा रचनांना केवळ शब्दचमत्कृती म्हणून गौण लेखण्याची प्रवृत्ती समीक्षेत दिसते. तथापि येथे एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास येते. हा नियम कोणाही श्रोत्यास स्वतः पडताळून पाहता येतो. पठण करताना ओठ मिटले की नियम मोडला, हे समजण्यास पंडिताची गरज नाही.

शब्दकोडे आणि न्यायालय :

पडताळणीचा हाच प्रश्न विसाव्या शतकात वेगळ्या रूपाने न्यायालयात उपस्थित झाला. बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा प्रसार वाढल्यावर मुंबई राज्याने १९४८ च्या सोडत व बक्षीस स्पर्धा नियंत्रण व कर कायद्यात १९५२ साली दुरुस्ती करून राज्याबाहेरून चालविल्या जाणाऱ्या स्पर्धाही कराच्या कक्षेत आणल्या. बंगळुरूहून प्रसिद्ध होणाऱ्या व मुंबई राज्यात खपणाऱ्या एका साप्ताहिकातील स्पर्धेचे चालक आर. एम. डी. चमारबागवाला यांनी त्यास आव्हान दिले. उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने लागलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी फिरविला. अशा स्पर्धेतील यश कौशल्यावर पुरेसे अवलंबून नसल्याने ती जुगारात मोडते आणि जुगारास व्यापाराच्या मूलभूत हक्काचे संरक्षण नाही, असे न्यायालयाने ठरविले. १९५५ च्या केंद्रीय कायद्यानेही अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला एकूण १,००० रुपयांची आणि प्रवेशिकांवर २,००० ची मर्यादा घातली होती. मात्र ज्या स्पर्धांतील यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे, त्यांना हा कायदा लागू नाही, असा निर्वाळा न्यायालयाने त्याच दिवशी दिला.

या निकालाकडे सामान्यतः केवळ घटनात्मक कायद्याच्या दृष्टीने पाहिले जाते. भाषेच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, एका सूचनेला अनेक शब्द लागू पडत असतील आणि 'बरोबर' शब्द चालकाने आधीच ठरवून ठेवला असेल, तर ते कोडे राहत नाही. मोरोपंतांचा वर्णनियम आणि हे बक्षिसाचे कोडे यांतील भेद नेमका हाच आहे.

मराठीपुढील अडचण :

मग सर्ववर्णता हा पडताळता येण्याजोगा नियम मराठी कोड्यात का आला नाही? याचे कारण लिपीच्या स्वरूपात आहे. इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो. मराठी कोड्यात एका घरात काना-मात्रेसह संपूर्ण अक्षर बसते, जोडाक्षरही एकच घर व्यापते. ३४ व्यंजनांची बाराखडी मांडली तरी ४०८ अक्षरे होतात. १५ × १५ च्या मोठ्या कोड्यातही घरे २२५ च! तेव्हा मराठीत सर्व अक्षरांचे कोडे अशक्यप्राय असून मोजणी मूळ वर्णांचीच करावी लागते.

परंतु मूळ वर्ण तरी किती? ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात ॲ आणि ऑ यांसह १४ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजने व २ विशेष संयुक्त व्यंजने असे ५२ वर्ण देण्यात आले. त्यांपैकी 'ङ' साठी 'वाङ्मय' आणि 'ऌ' साठी 'कॢप्ती' यांसारख्या मोजक्या शब्दांचाच आधार आहे. 'ञ' तर अनुस्वारलेखनामुळे व्यवहारातून जवळजवळ लुप्त झाला आहे. नाशिकजवळील भगूर येथे जन्मलेल्या सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत 'अि', 'अु' अशी अ ची बाराखडी सुचविली होती. ती सर्वत्र स्वीकारली गेली असती, तर ही मोजणी आणखी बदलली असती.

निष्कर्ष :

१) सर्ववर्णवाक्याची कल्पना भारतीय परंपरेस परकी नाही, मराठीत मात्र तिचे वर्ज्यवर्णाचे रूप अधिक बहरले.
२) नियम सर्वांना पडताळता येणे हीच शब्दकोड्याच्या प्रामाणिकतेची कसोटी होय, हे १९५७ च्या निकालांच्या आधारे म्हणता येते.
३) मराठीत सर्ववर्णवाक्य रचण्याचा प्रयत्न हा वर्णमालेतील कोणते वर्ण आजही जिवंत आहेत, याचीच परीक्षा ठरतो. भाषेच्या वर्गात हा उपक्रम घेतल्यास विद्यार्थी वर्ण व अक्षर यांतील भेद व्याख्या पाठ न करता अनुभवाने शिकतील, असे वाटते.