एका गोळीवर रायफलीची पत ठरत नाही



मागे कोणीतरी इथे आजोबांच्या शिकारी रायफलीचा फोटो टाकला आणि "एका गोळीत नेम" यावर बरीच चर्चा रंगली. मी कॉमर्सचा माणूस, नोकरी बँकेत. एका व्यवहारावर खातेदाराची पत ठरवायची नाही, हे तिथे शिकलो. रायफलीचंही तसंच आहे.

आपल्या इंदूर-महूचं आणि काडतुसाचं नातं जुनं. १८५७ मध्ये एनफिल्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून फौजेत असंतोष पेटला. १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि त्याच रात्री महूची पलटणही उठली. पुढे लष्करी ३०३ काडतूस लोकांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी खाजगी रायफलींना ते बोअर बंद केलं. म्हणून आपल्याकडे ३१५ बोअर रुजली. तिचं काडतूस मूळचं ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं, ८ मिलिमीटरचं. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्यातूनही ही रायफल आली. ती बोल्टची, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करायचा.

१९६२ च्या चीन युद्धात आपले जवान बहुतांशी बोल्टच्या थ्री-नॉट-थ्रीनेच लढले. त्यानंतर ७.६२ ची एसएलआर आली, ती सेमी-ऑटोमॅटिक. चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत चढतं. आमच्या शाखेतले गार्ड बहुतेक माजी सैनिक. दुपारच्या डब्याला त्यांच्याकडून एसएलआरबद्दल जे ऐकलं, ते पुस्तकात सापडलं नसतं.

त्यातली मुख्य गोष्ट अशी, की बोल्टच्या रायफलीत काडतुसाचं काम एकच, गोळी फेकणं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये कामं दोन. दारूचा थोडा गॅस नळीतून वळवून त्याच्या जोरावर रिकामा खोका बाहेर फेकायचा आणि नवं काडतूस भरायचं. जोर कमी पडला तर खोका अडकतो, जास्त झाला तर धक्का वाढतो आणि यंत्र झिजतं. म्हणून एसएलआरला गॅस कमी-जास्त करायचा रेग्युलेटर असतो. काडतूस कमजोर निघालं तर नेम कितीही चांगला असो, दुसरी गोळी सुटणारच नाही. लढाईत याची किंमत काय, ते सांगायला नको.

आता पारख कशी करायची? रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवून १०० यार्डांवर एकाच ठिकाणी नेम धरून पाच गोळ्या मारायच्या. सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, तो ग्रुप (आपला नव्हे हो!). पाचही भोकं जवळजवळ पण मध्यापासून दूर असतील तर दोष साइटचा, तो दुरुस्त होतो. भोकं विखुरली तर दोष रायफलीचा, काडतुसाचा किंवा आपल्या हाताचा. मग तीच रायफल, तोच माणूस, फक्त काडतुसाचा लॉट बदलून पुन्हा पाच. काडतुसांचा वेग कमी-जास्त असेल तर लांब पल्ल्यावर भोकं वर-खाली पसरतात. १०० यार्डांवर दोन इंचांचा ग्रुप ३०० वर निदान सहा इंचांचा होणारच. आणि चार भोकं जवळ, एक लांब, तर लांबचं सोडायचं नाही. ऑडिटमध्ये गैरसोयीची नोंद खोडतात का?

हीच शिस्त महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये घोटली जाते. तिथे तयार झालेल्या सुभेदार विजय कुमारांनी २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य मिळवलं. ते पिस्तूलही सेमी-ऑटोमॅटिकच. शेवटच्या टप्प्यात पाच गोळ्यांना फक्त चार सेकंद. एका गोळीचं कौतुक तिथे कोण करणार?

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली. मोठ्या बोअरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल साध्या लायसन्सवर मिळतही नाही. पण वाड्यांतल्या पेटाऱ्यांत जुनी काडतुसं अजून निघतात. ती "चालतात का बघू" म्हणून चालवू नका. दारू जुनी झाली की तिचा भरवसा नसतो. पोलिसांत कळवा.

आणि कुणाकडे आजोबांचं भोकं पडलेलं टार्गेट असेल तर फोटो जरूर टाका. भोकं मात्र सगळी दिसू द्या!